इंदूताई आणि खिरापतीचा वाडगा

इंदूताई साळगावकरांबरोबर बाहेर चहा प्यायला जायचं तर किटली आपल्या बाजूला ओढून ठेवावी, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. कार्डिफमधल्या एका जुन्या हॉटेलात आम्ही बसलो होतो. पोटावर द्राक्षांचे घोस असलेली चकचकीत किटली वेटरने आणून ठेवली. मी स्कोनला क्रीम लावत होतो, तेवढ्यात ताईंनी ती उचलली आणि बूड बघायला सरळ पालथी केली. आत चहा होता. तो टेबलक्लॉथवरून वाट काढत माझ्या मांडीवर आला, मी किंचाळत उठलो, आणि ताई चष्मा कपाळावर चढवून शांतपणे म्हणाल्या, "साच्यातली आहे रे. हातोडी लागलेलीच नाही. उगाच उचलली."

वेटर धावत आला. ताईंनी त्याला "सॉरी, लव्ह" म्हटलं, दुसरी किटली मागवली आणि तीही उचलायला हात पुढे केला. यावेळी मी ती आधीच धरून ठेवली होती.

कुठलीही वस्तू दिसली की तिची पाठ बघायची, ही त्यांची जुनी खोड. "पुढून काय, सगळेच हसतात. पाठ बघावी," असं त्या म्हणायच्या. कुणाच्या घरी जेवायला गेल्या की ताट वाढायच्या आत पालथं. भिंतीवर तसबीर असली की खिळ्यावरून खाली. भरतकाम केलेली उशी दाखवली तर त्या अभ्र्याची चेन उघडून आत हात घालत. एका बाईंनी लेकासाठी आलेल्या मुलीचा फोटो दाखवला, तर इंदूताईंनी तोही उलटा केला. मागे फोटो स्टुडिओचा पत्ता होता. "स्टुडिओ चांगला आहे," एवढंच त्या बोलल्या.

वय बहात्तर, उंची बेताची, अंगात बारा महिने जांभळं फ्लीसचं जाकीट आणि पायात मोज्यांवर चपला. जन्म सावंतवाडीजवळच्या एका गावात, सोनाराच्या घरी. लग्नानंतर नवऱ्याबरोबर वेल्समध्ये आल्या आणि निवृत्त होईपर्यंत एका इस्पितळाच्या डेंटल लॅबमध्ये दातांच्या टोप्या बनवत राहिल्या. टोपी करायची तर आधी दात मेणात घडवायचा, त्याभोवती साचा करायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. पहिल्या दिवशी साहेबाने हे समजावून सांगितलं तेव्हा ताई म्हणे त्याला म्हणाल्या, "आमच्याकडे कृष्णाची मूर्ती अशीच ओततात." पुढे लायब्ररीत त्यांना रेनेसाँसच्या काळातल्या सोनारांवरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. फ्लॉरेन्सचे कारागीरही पेल्यांचे कान आणि वर बसवलेल्या मूर्ती तशाच मेणातून ओतत, हे वाचल्यापासून ती सगळी मंडळी त्यांना आपली वाटायला लागली. चुलत्यांविषयी बोलावं तसं त्या त्यांच्याविषयी बोलत.

ताईंचे यजमान साळगावकरकाका त्याच इस्पितळात रेडिओग्राफर होते. बायकोपेक्षा एक वीत उंच, आणि बोलायची पाळी आपली कधी येणार याची सवयीने वाट बघणारे. "मी जन्मभर माणसं आतून बघितली आणि हिने पाठीमागून," ते म्हणत. "समोरून बघायला आमच्यात कुणी नाही."

मी ताईंच्या हाती सापडलो तो शनिवारच्या क्लासमुळे. नागपूरहून एका इन्शुरन्स कंपनीच्या सॉफ्टवेअरसाठी मी कार्डिफला आलो होतो, आणि दिवसभर स्क्रीनकडे बघून बघून स्वप्नंही मला आयताकृती पडायला लागली होती. एका चॅपेलच्या मागच्या हॉलमध्ये सकाळी चांदीकाम शिकवतात अशी चिठ्ठी दिसली म्हणून गेलो. आत सात-आठ गोरी माणसं तांब्याचे पत्रे ठोकत होती आणि मधोमध जांभळ्या फ्लीसमधली एक मराठी बाई ओरडत होती, "जेंटली, डार्लिंग, जेंटली! इट्स अ लीफ, नॉट अ बर्गलर!" माझं आडनाव ऐकून त्या थेट मराठीत आल्या. "नागपूरचा? बरं. हाताला घाम येतो का? नाही ना? मग बस. आधी पान."

सगळ्यांना आधी पानच. देव, ड्रॅगन, फूल, काय हवं ते नंतर. लोखंडी कटोऱ्यात राळ भरलेली असायची. ती कोमट करून त्यावर पत्रा चिकटवायचा. मग लहानमोठ्या पोलादी ठशांनी मागच्या बाजूने ठोकून पान फुगवायचं, पत्रा सोडवून उलटायचा आणि पुढून शिरा रेखायच्या. ठोकून ठोकून धातू ताठला की त्याला ताव द्यायचा, म्हणजे लाल होईतो तापवून निववायचा. मग तो पुन्हा मऊ होतो. नाही दिला तर चिरतो. घरातले देवांचे टाक असेच करतात हे मला इतक्या मोठेपणी वेल्समध्ये कळलं. माझं पहिलं पान पोह्याच्या पापडासारखं झालं. ताईंनी ते उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि म्हणाल्या, "मेल्या, पाठ बरी आहे. पुढचं तोंड देवाने दिलंय तसंच राहणार." मला त्या दिवशी उगाचच फार बरं वाटलं.

काळे डाग घालवायला दुकानात मिळणारी पावडर त्यांना चालत नसे. त्या चिंचेचं पाणी आणत. डाख लावताना, म्हणजे दोन तुकडे जोडताना, टाकणखार. घासायला रिठे. हॉलमध्ये अर्धा वास भट्टीचा आणि अर्धा आमटीचा असे. वेल्श माणसांना याचं काही वाटत नसे. एक आजीबाई तर ते चिंचेचं पाणी चाखूनही बघायच्या. कुणाचं काम साधलं की ताई "टायडी!" म्हणत. कार्डिफमधला तो शब्द त्यांच्या तोंडी अगदी सावंतवाडीचा वाटायचा.

क्लासमधला त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य म्हणजे गॅरेथ. अग्निशमन दलातला, दाराला खांदे लागतील असा माणूस. तो त्यांना भेटला कसा, तो किस्सा काका रंगवून सांगत. विकतची राळ ताईंना पसंत नव्हती. ती घरीच करायची, बाबा करायचे तशी: राळ, गोडंतेल आणि विटेची पूड. वीट त्यांनी शेजाऱ्याच्या पडक्या कुंपणातून उचलली, खलबत्त्यात कुटली आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरात पातेलं चढवलं. असा काही धूर झाला की शेजाऱ्याने फोन केला आणि दहा मिनिटांत लाल गाडी दारात. हेल्मेट घातलेला गॅरेथ पाइप घेऊन आत घुसला तर समोर एक बुटकी बाई दोन्ही हात पसरून उभी. "नो वॉटर, लव्ह! राळ उडेल! यू होल्ड धिस." आणि तिने त्याच्या हातात कालथा दिला.

काका म्हणायचे, "बिचारा वीस मिनिटं ढवळत होता. बाकीचे चौघे बाहेर माझ्याबरोबर शंकरपाळे खात होते." पुढच्या शनिवारी गॅरेथ क्लासला हजर. वेल्सचा ड्रॅगन करायचा त्याने ध्यास घेतला. दीड वर्षाने तो झाला तेव्हा हुबेहूब पालीसारखा दिसत होता, पण चिकटलेली पाल म्हणून उत्तम होती, आणि ताईंनी तसं त्याला मोकळेपणाने सांगितलंही.

एकदा सगळा क्लास बस करून लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयात गेला. ताई एका कपाटापाशी जाऊन थांबल्या त्या हलेचनात. आत रेनेसाँसच्या काळातली चांदीची, सोन्याचं पाणी दिलेली थाळी होती. समुद्र, घोडे, रथ आणि काठाला गोल फिरलेली पानांची वेल. मी म्हटलं, "काय सुंदर!"

"गप रे. तो घोडा बघ. गुडघ्याजवळ ठिगळ आहे. ताव द्यायचा आळस केलाय शहाण्याने, चिरला पत्रा." मग त्यांनी काचेला नाक लावलं. "आणि ही वेल घोडेवाल्याची नाही. हात वेगळा आहे. बघ, घोड्यावरचे घाव कसे दणकट, आणि पानांवरचे... हे कुणीतरी दुसऱ्याने बसून केलंय. हलक्या हाताने. न कंटाळता." तेवढ्यात काचेपासून लांब राहा असं सांगायला अटेंडंट आला. ताईंनी त्याला विचारलं, की थाळी पाच मिनिटं उलटी करून मिळेल का. तो नाही म्हणाला, पण हसून म्हणाला. खाली पाटीवर एकाच उस्तादाचं नाव होतं.

मग आम्ही बाकावर बसलो आणि ताईंनी, पुडीतली लसणीची चटणी पोळीला लावत, अगदी सहज सांगितलं. भावाला धूर सोसत नसे म्हणून भट्टीपाशी फुंकणी घेऊन लहानपणापासून त्याच बसत. बघून बघून हात बसला. सतरा वर्षांच्या असताना गावच्या देवीसाठी चांदीची प्रभावळ करायचं काम आलं. मधली कीर्तिमुखं वडिलांनी केली, कडेची सगळी पानं इंदूने. तीन महिने. प्रभावळ देवळात चढली त्या दिवशी मागच्या बाजूला ठसा वडिलांचा. गाव म्हणालं, रघुनाथशेटच्या हाताला देवी प्रसन्न आहे. शेजारी भाऊ उभा होता, त्याच्याही पाठीवर थाप पडली.

"आणि तुम्ही?"

"मी पेढे वाटत होते." त्यांनी चटणीची पुडी नीट गुंडाळली. "बाबा वाईट नव्हते हं. त्या काळात मुलीचं नाव चांदीवर कोण घालणार? पण बाबांनी माझ्याकडे एकदा बघायला हरकत नव्हती. नुसतं बघायला."

पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडे फ्लॉरेन्समध्ये ती वेल कुणाच्या बायकोने किंवा मुलीने केली असेल का, तेही कुणाला ठाऊक नाही. पण मला तेव्हा फ्लॉरेन्सचं नव्हे, सावंतवाडीचं वाईट वाटत होतं, आणि ते मी त्यांना सांगितलं. ताईंनी मला अर्धी पोळी दिली.

इंग्लंड-वेल्समध्ये चांदीची वस्तू म्हणून मिरवायचं तर कस तपासणाऱ्या कार्यालयात पाठवावी लागते. तिथे धातू तपासून त्यावर शिक्के मारतात आणि त्यात एक शिक्का करणाऱ्याच्या स्वतःच्या अक्षरांचा असतो. एवढी वर्षं शिकवूनही ताईंनी स्वतःचा ठसा कधी नोंदवला नव्हता. "आता काय करायचंय," म्हणायच्या. मग उजवं मनगट सुजायला लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, की नंतर पेन धरता येईल, हातोडी विसरा. त्या शनिवारी ताई क्लासला आल्या आणि म्हणाल्या, "फॉर्म आण रे. एक वाडगा करते. एकच होईल आता."

ठशाला इंग्रजी अक्षरं किमान दोन लागत होती. काका म्हणाले, एक तुझं आणि एक साळगावकरांचं. ताई म्हणाल्या, साळगावकरांनी हातोडी कधी धरली? मी माहेरच्या आडनावाचं सुचवलं. तेही बाजूला सारून त्या शेवटी इंदूतलीच पहिली दोन अक्षरं लिहून मोकळ्या झाल्या. काका म्हणाले, "चला, सुटलो दोघेही, मी आणि सासरे."

चांदी मात्र माहेरची. लग्नात वडिलांनी स्वतः घडवून दिलेले पैंजण, तोडे, करंडा, अत्तरदाणी. ती सगळी मुशीत वितळवायची असं त्यांनी ठरवलं. गॅरेथ म्हणाला, "आधी टेस्ट करून घेऊ या ना, बॉस? तुम्हीच तर शिकवलंत, कस लावल्याशिवाय धातू घ्यायचा नाही." हॉलमधल्या साऱ्या हातोड्या थांबल्या. ताईंना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माय फादर्स सिल्व्हर?" त्या म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "सांग त्याला. माहेरच्या चांदीला लेक कस लावत नाही. बापाला चोर म्हटल्यासारखं आहे ते."

मी गॅरेथला सांगितलं. त्याने माफी मागितली आणि मुकाट्याने भट्टी पेटवली.

चार महिने तो वाडगा चालला. ओतलेल्या लगडीचा पत्रा, पत्र्याचा खोलगा, मग आत राळ ओतून काठाभोवती पानांची वेल. दहा मिनिटं ठोकायचं, दहा मिनिटं मनगट गरम पाण्यात. काका घड्याळ घेऊन शेजारी बसत. ताई आम्हाला कुणाला हात लावू देत नसत, राळ तापवायलासुद्धा. ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी वाडगा झाला. रिठ्याने घासून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि आम्ही सगळ्यांनी आधी तो उलटा करून पाहिला. गॅरेथच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, धूर गेलाय.

वाडगा कार्यालयात गेला आणि त्यामागून पत्र आलं. काकांनी मला फोन केला. "ये जरा. गॅरेथलाही आण. ही काल सकाळपासून बागेतल्या कुंड्या इकडच्या तिकडे हलवतेय."

पत्र टेबलावर होतं. चांदी कमी कसाची निघाली. इथल्या नेहमीच्या चांदीचा शिक्का मिळणार नाही. हवं तर खालच्या दर्जाचा, आठशेचा, म्हणजे हजारात आठशे भाग चांदीचा, मारू. नको असेल तर वस्तू तशीच परत पाठवू. मी दोनदा वाचलं. गॅरेथ खाली बघत होता. बिचाऱ्याला आपलं खरं ठरल्याची लाज वाटत होती. काका चाचरत म्हणाले, "अगं, पैंजणाला घुंगरं असतात, प्रत्येकाला डाख. डाखात पितळ. सगळं वितळल्यावर थोडं खाली येणारच."

ताई बागेतून आल्या, हात धुतले, बसल्या. "डाख धरला मी हिशेबात," त्या म्हणाल्या. "डाख धरूनही खाली आहे. करंड्याला कुठे घुंगरं होती?"

मग त्यांच्या खांद्यांना हलका झटका बसला. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग टेबलाला धरून. "बाबा पकडले गेले रे! 'सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा!' लेकीच्या करंड्यातसुद्धा! पन्नास वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, आणि पकडून दिलं कुणी? मी! रजिस्टर्ड पार्सल करून!" काकाही हसायला लागले. गॅरेथला काही कळत नव्हतं, पण तोही हसत होता. हसता हसता ताईंचा चेहरा मोडला आणि त्या थोडं रडल्याही. "देव मानला होता रे मी त्या माणसाला," एवढंच म्हणाल्या. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

चहा झाल्यावर गॅरेथने मन घट्ट करून मुद्दा काढला. नवी, शुद्ध चांदी आणू. तुम्ही शेजारी बसून सांगा, आम्ही सगळे मिळून ठोकू. अगदी असाच वाडगा करू. शिक्का तुमचाच.

मला ते पटलं होतं. काकांनाही. ताईंनी मान हलवली.

"नो, लव्ह. यू हिट इट, इट्स युवर्स." आणि मग आमच्याकडे बघून, "ठोकणार तुम्ही आणि ठसा मारणार मी? मग मी बाबांचीच मुलगी की! आठशे तर आठशे. आहे ते आहे." त्यांनी डाव्या हाताने पत्रासोबतच्या फॉर्मवर खूण केली. सुजलेला उजवा हात मांडीवर होता.

वाडगा परत आला तो गणपतीच्या आधी. ऑपरेशन झालेलं होतं. इथे गणपती शनिवार-रविवारी, कम्युनिटी हॉल भाड्याने घेऊन. पुढच्या आठवड्यात मी नव्या नोकरीसाठी एडिंबरोला जाणार होतो, त्यामुळे माझा तो कार्डिफमधला शेवटचा शनिवार. आरती झाली. काकांनी वाडगा धरला होता, आत खोबरं आणि साखर, आणि ताई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून डाव्या हाताने चमच्याने खिरापत देत होत्या. मी आणि गॅरेथ रांगेत होतो.

आमच्यापुढे पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक आजी होत्या. त्यांनी वाडग्याच्या काठावरून बोट फिरवलं. "काय वेल आहे हो! जुनं काम दिसतंय. कोकणातल्या ना तुम्ही? वडील सोनार होते म्हणे. त्यांनीच केलेला असणार."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी गॅरेथकडे.

"नाही हो," इंदूताई म्हणाल्या. "वडिलांनी भेसळ केली. वाडगा मी केला."

आजींचा हात तसाच पुढे राहिला. ताईंनी त्यावर आणखी एक चमचा खिरापत घातली आणि म्हणाल्या, "पुढे चला, मागे लाइन आहे."